मापाने जिंकलेली कंत्राटे : उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील गाव. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाच्या दोन-चार जोरदार सरींत शिवारातले ओहोळ रस्त्यावर चढतात. या परिसरातील शिवाररस्त्यांवर ओहोळाच्या जागी काँक्रीटचे गोल नळे ओळीने बसवलेले दिसतात. सरकारी कागदपत्रांत त्याला नळकांडी पूल म्हणतात. गवंडी, ट्रॅक्टरवाले आणि बांधकाम खात्याचे अभियंते मात्र त्या नळ्याला एकमुखाने ह्यूम पाईप म्हणतात. ह्यूम हे एका ऑस्ट्रेलियन संशोधकाचे आडनाव असल्याची कल्पना फार थोड्यांना असते. ते आडनाव या देशाच्या काळ्या मातीत रुजवणारा माणूस सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद दोशी हे त्याचे नाव.

विमान, जहाज आणि मोटार या तीन शब्दांत वालचंदांचे चरित्र सांगण्याचा प्रघात आहे. त्यात गैर काही नाही. या तिन्ही उद्योगांचा देशी पाया घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु विमानांचा कारखाना उभा राहिला तो १९४० साली, आणि त्यापूर्वीची साडेतीन दशके वालचंद हे प्रामुख्याने कंत्राटदार होते. सरकार, रेल्वे कंपन्या आणि नगरपालिका हे त्यांचे ग्राहक. कंत्राटदार या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही आणि बहुधा त्यामुळेच चरित्रातील हा भाग घाईने ओलांडला जातो. वस्तुतः पुढच्या साऱ्या डोलाऱ्याचे भांडवल आणि शिक्षण त्यांना येथेच मिळाले.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेले हे दिगंबर जैन व्यापारी घराणे होते. वडील हिराचंद नेमचंद यांची कापसाची आणि सावकारीची पेढी होती; ते समाजसुधारणेच्या कामातही अग्रेसर होते आणि ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात, तर महाविद्यालयीन शिक्षण मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे झाले. पदवी मात्र पुरी झाली नाही. घरच्या व्यापारात ते आले खरे, पण पेढीवर बसून भाव चढण्याची वाट पाहणे त्यांच्या स्वभावाला मानवले नाही.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. कारकुनीत राहून त्यांनी जे पाहिले होते ते बाहेरच्या कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते : अंदाजपत्रक कसे तयार होते, निविदा कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते, मोजमापाच्या वहीत काय लिहिले म्हणजे देयक अडते. त्यांच्याजवळ ज्ञान होते, भांडवल नव्हते. वालचंदांच्या घराण्याजवळ पत होती. या जोडीतून पुढे फाटक-वालचंद ही कंपनी झाली.

त्यांच्या आरंभीच्या कामांत बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी-तडवळे या काही मैलांच्या विस्ताराचे काम होते. योगायोग असा, की ही चिमुकली रेल्वे स्वतःच प्रमाणीकरणाचा एक गाजलेला प्रयोग होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर ती बांधली आणि १८९७ मध्ये ती धावू लागली. इंजिन असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हे त्याने आधी ठरवले आणि मग रूळ, पूल आणि डब्यांचे सांगाडे त्या एका आकड्याला बेतून घेतले. डब्यांचे सांगाडे एकाच मापाचे असल्याने सुटे भाग कोठेही चालत. अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, असे मानणाऱ्यांना हा हिशेब चकित करणारा होता. कमी खर्चात अधिक माल वाहणारी ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि अखेर मिरजेपर्यंत गेली.

रेल्वेच्या मातीकामात त्या काळी कंत्राटदाराला फारशी कल्पकता दाखवायला वाव नसे. घनफुटाचा दर ठरलेला, भरावाचा उतार ठरलेला, खडीचा आकार ठरलेला. मजूर कमी पडले, साथ आली, पाऊस लवकर सुरू झाला तर तोटा कंत्राटदाराचा. अनेकजण यातून एकच मार्ग काढीत : दर पाडून काम घ्यायचे आणि पेटी कंत्राटदारांच्या व मजुरांच्या पोटातून तो काढायचा. या मार्गाने छोटी कामे मिळत राहतात, मोठी मिळत नाहीत. मोठ्या कामासाठी यंत्रे, अनामत भरण्याची ताकद, पगारी अभियंते आणि मुदतीत काम पुरे करण्याचा लौकिक लागतो. ही सामग्री तेव्हा बव्हंशी युरोपीय कंपन्यांकडे होती आणि म्हणूनच बोगदे, मोठे पूल, धरणे ही त्यांची जणू राखीव कुरणे होती.

ते कुंपण ओलांडण्यासाठी वालचंदांनी १९२० मध्ये टाटांशी हातमिळवणी केली. फाटक-वालचंद कंपनी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. टाटा या नावाची पत आणि वालचंदांचा कामाच्या जागेवरचा अनुभव एकत्र आल्याने निविदेच्या पाकिटाला वजन आले. पुढे टाटा बाहेर पडले आणि १९३५ मध्ये या कंपनीचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. दरम्यान १९२६ च्या जानेवारीत हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही आणखी एक कंपनी स्थापन झाली होती.

या कंपन्यांच्या कामांत सर्वांत बोलके काम बोरघाटाचे. त्या घाटाचा पूर्वेतिहास कंत्राटदारांसाठी भीतिदायकच होता. १८५० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटाचे काम विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराला दिले. १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरून काही आठवडे होतात न होतात तोच वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने अभियंत्यांच्या साहाय्याने ते कंत्राट पुरे करून दाखवले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. कॉलरा, अपघात आणि तापाने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कोठेही नाहीत. त्या मार्गावर गाडी मधेच थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विजेवरील गाड्यांसाठी हा उलटा फेरा काढून टाकण्याचे ठरले आणि नव्या मार्गरेषेवरील बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीकडे आले. भारतीय कंत्राटदाराला घाटातील बोगदे जमतील काय, ही शंका त्या काळच्या रेल्वे वर्तुळात स्वाभाविक मानली जाई. १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी डेक्कन क्वीन त्यावरून धावू लागली. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या, कालाबाग येथील सिंधू नदीवरील पूल आणि ब्रह्मदेशातील इरावतीवरील पूल ही कामेही या समूहाच्या नावावर आहेत.

बोगदा आणि पूल यांचा डौल मोठा, पण ती एकेकटी कामे. पूल झाला की माणसे, यंत्रे हलवायची आणि पुढच्या निविदेची वाट पाहायची. वालचंदांच्या धंद्याला ज्याने वेगळे वळण दिले ते मात्र एक अत्यंत अनाकर्षक उत्पादन होते.

ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम याने १९१० मध्ये काँक्रीटचा नळ फिरवून तयार करण्याची पद्धत शोधली. पोलादी साच्यात लोखंडी सळयांचा पिंजरा बसवायचा, साचा आडवा ठेवून वेगाने फिरवायचा आणि आत ओले काँक्रीट सोडायचे. भोवऱ्यासारख्या या गतीने काँक्रीट साच्याच्या भिंतीला दाबून बसते, जादा पाणी आतल्या बाजूस येऊन निघून जाते आणि घट्ट, गुळगुळीत, सर्वत्र सारख्या जाडीची भिंत तयार होते. हाताने ठोकून भरलेल्या काँक्रीटच्या नळ्यात कोठे पोकळी राहील, कोठे सळई उघडी पडेल याचा नेम नसे. फिरत्या साच्याने ती अनिश्चितता जवळजवळ काढून टाकली.

भारतात तोवर मोठ्या व्यासाच्या नळासाठी ओतीव लोखंड वा पोलाद वापरीत आणि ते बहुतांशी विलायतेहून येई. ते महाग होते, शिवाय बंदरापासून आत नेण्याचा रेल्वेखर्च वेगळा. रस्त्याखालच्या मोरीसाठी दगड-विटांची कमान बांधावी लागे. तिला कसबी गवंडी हवा, आठवडे हवेत आणि पावसाळ्यापूर्वी ती पुरी व्हायला हवी. ह्यूमच्या पद्धतीने हे दोन्ही प्रश्न एकदम सुटत होते. सिमेंट, वाळू आणि खडी देशातलीच. आणायच्या त्या फक्त सळया आणि साचे. वालचंदांनी ही संधी हेरली आणि २० जुलै १९२६ रोजी इंडियन ह्यूम पाईप कंपनीची स्थापना झाली. धाकटे बंधू रतनचंद यांनी पुढे या कंपनीची धुरा वाहिली.

नवे उत्पादन बाजारात आणणे वेगळे आणि सरकारी खात्याला विकणे वेगळे. खासगी गिरणीमालक स्वतःच्या जबाबदारीवर नवा नळ घेऊन पाहू शकतो. बांधकाम खात्याच्या अभियंत्याला तसे करता येत नाही. मोरी खचली तर चौकशी त्याची होणार, मंजूर दरसूचीत नसलेली वस्तू का घेतली हा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार. त्याच्या दृष्टीने जुनी कमान महाग असली तरी सुरक्षित, कारण ती आजवर सर्वांनी बांधली आहे. सरकारी खरेदीत नावीन्याची कोंडी होते ती येथे. वस्तू स्वस्त आहे एवढे सांगून ही कोंडी फुटत नाही, आणि ती स्वदेशी आहे असे सांगूनही नाही. वालचंद स्वदेशीचे कडवे पुरस्कर्ते होते, पण नळ्याला पडणारी तडा देशभक्तीने बुजत नाही, हे कंत्राटदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

कोंडी फुटली ती मापाने. एकाच साच्यातून निघणारा प्रत्येक नळ सारखा. ठरलेला व्यास, ठरलेली जाडी, ठरलेली लांबी, ठरलेल्या सळया. शंभरांतील काही नळ काढून त्यांवर भार टाकून पाहावा, पाण्याचा दाब देऊन पाहावा आणि उरलेल्यांविषयी खात्रीने बोलावे, हे शक्य झाले. कमानीची अशी परीक्षा घेता येत नाही. ती बांधून झाल्यावर पहिला पूर हाच तिचा परीक्षक. शिवाय नळाचे मोजमाप सोपे. अमुक व्यासाचे इतके नग, इतके फूट. वहीत लिहिले, देयक निघाले. अंदाजपत्रक तयार करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला प्रत्येक ओहोळासाठी नव्याने कमानीचा नकाशा काढण्याची गरज उरली नाही. पाणी किती येते ते पाहायचे आणि तक्त्यातून व्यास निवडायचा. खात्याचे काम हलके करणारी वस्तू खात्यात लवकर रुळते, हे या व्यवसायातील जुने रहस्य आहे.

दुसरी अडचण वजनाची होती. मोठ्या व्यासाचा काँक्रीटचा नळ दूरवर नेणे म्हणजे नफा रेल्वेभाड्यात घालवणे, आणि वाटेत फुटण्याचा धोका निराळा. म्हणून एका जागी प्रचंड कारखाना न काढता मागणीच्या जवळपास लहान कारखाने उभारण्याचे धोरण कंपनीने ठेवले. हे जमले तेही साचे आणि पद्धत एकसारखी असल्यामुळेच. कारखाना मद्रासकडे असो वा पंजाबात, नळ तोच. पाणीपुरवठ्याची, सांडपाण्याची, कालव्यांची आणि रस्त्यांची कामे त्यामुळे एकाच वेळी आवाक्यात आली. बोगद्याचे कंत्राट मिळो न मिळो, नळ्यांची मागणी दर उन्हाळ्यात येतच राहिली.

याची दुसरी बाजूही आहे. अंदाजपत्रकात एका विशिष्ट उत्पादनाचे नाव बसले की निविदा नावापुरतीच खुली राहते. ह्यूम पाईप हा शब्द वस्तुवाचक होऊन बसणे हे कंपनीचे मोठेच यश, पण सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ते तितकेसे निर्धास्त करणारे नव्हते. नामाचे रूपांतर मापात व्हायला हवे होते. ते झाले, परंतु वालचंदांच्या हयातीनंतर.

सरकार हे गिऱ्हाईक किती लहरी असते, याचा अनुभव वालचंदांना अन्यत्र आला. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्या वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. जहाजे होती, खलाशी होते, माल होता. पण ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून कोंडी केली आणि सरकारी पाठबळाची सारी वजने त्यांच्याच पारड्यात होती. येथे प्रमाणित नळासारखे काही दाखवून जिंकता येण्याजोगे नव्हते. परीक्षाच घेतली जात नसेल तर उत्तीर्ण कसे व्हायचे?

विमानांची गोष्ट याहून विलक्षण. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी पडली आणि त्यातून कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी पाठिंबा दिला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये येथे जोडलेले पहिले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले. महायुद्धामुळे सरकारला विमाने हवी होती, म्हणून मागणी नोंदवली गेली. त्याच युद्धामुळे कारखाना इतका मोलाचा ठरला की १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन तो ताब्यात घेतला. एकच गिऱ्हाईक असलेल्या धंद्यात गिऱ्हाईक मालक झाले. मोटारीच्या बाबतीत उलटे घडले : त्याच सुमारास मोटारीचा कारखाना युद्धासाठी आवश्यक नाही, असे म्हणून सरकारने हात आखडता घेतला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ पर्यंत लांबली. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी केले. १९५२ मध्ये त्या कारखान्यातही सरकार मोठे भागीदार झाले.

या तिन्ही उद्योगांतील यशापयशाची चर्चा नेहमी सरकारच्या हेतूंभोवती फिरते, आणि परकीय सरकारच्या बाबतीत ती रास्तही आहे. तरी वालचंदांच्या स्वतःच्या कारकिर्दीतच ताडून पाहण्याजोगे उदाहरण होते. गिऱ्हाईक अनेक होते, वस्तू मोजता येत होती आणि तिची चाचणी कोणाही अभियंत्याला घेता येत होती, तेथे त्यांना व्हाइसरॉयच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही. एखाद्या नगरपालिकेने नळ नाकारले तरी शेजारच्या जिल्ह्याचे बांधकाम खाते ते घेई.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते संस्थापक अध्यक्ष होते. रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर कारखाने, तेथील माळरानावर उभ्या राहिलेल्या वसाहती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. १९५५ मध्ये सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राच्या बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील अभियंत्यांच्या अनेक पिढ्या तेथून बाहेर पडल्या आहेत. २००४ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

काँक्रीटच्या नळ्यांचे भारतीय मानक त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५६ साली आले. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ ची. तिने या नळ्यांना दिलेला क्रमांक ४५८. पुढे वेळोवेळी सुधारणा होत गेलेल्या या मानकात आज नळांच्या प्रती ठरलेल्या आहेत. हलक्या भारासाठी एनपी-२, वर्दळीच्या रस्त्यांखाली एनपी-३, अवजड वाहतुकीसाठी एनपी-४, आणि दाबाचे पाणी वाहून नेणाऱ्यांसाठी वेगळी श्रेणी. नळ यंत्राखाली ठेवून भार वाढवत नेतात आणि ०.२५ मिलिमीटर रुंदीची तडा पडेपर्यंत तो किती भार सोसतो ते पाहतात. या मानकात ज्याचा नळ उतरेल त्याला निविदा भरता येते. परिणामी तालुक्या-तालुक्यांच्या औद्योगिक वसाहतींत नळ तयार करणारे छोटे कारखानदार उभे राहिले आणि वालचंदांच्या कंपनीला त्यांच्याशी दरात झुंजावे लागले. ज्या सारखेपणाने तिला आरंभी कामे मिळवून दिली, तोच सारखेपणा सर्वांचा झाला. कंपनीने मग केवळ नळ विकण्याऐवजी संपूर्ण पाणीपुरवठा योजना उभारून देण्याची कामे घेण्यावर भर दिला.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. ह्यूम पाईप कंपनीचा पत्ता मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील कन्स्ट्रक्शन हाऊस हा आहे, आणि ज्या रस्त्यावर ती इमारत आहे त्याला वालचंद हिराचंद मार्ग असे नाव आहे. नळ्यांवर मात्र त्यांचे नाव कधीच नव्हते. तेथे अजूनही ह्यूमचे आडनाव चालते, मग नळ कोणत्याही कारखान्यातून आलेला असो.